सायकियाट्रिस्टकडे पहिल्यांदा जाताय? निदान नीट व्हावं म्हणून काय काय करायचं

घरातल्या कुणाला किंवा स्वतःलाच मनाच्या डॉक्टरकडे जायची वेळ आली की पहिला प्रश्न असतो 'चांगला डॉक्टर कोण', मग व्हॉट्सॲपवर गुपचूप विचारपूस सुरू होते, कुणीतरी सांगतं अमक्या डॉक्टरांनी माझ्या मेव्हण्याला तीन महिन्यांत खडखडीत बरं केलं. चांगला डॉक्टर पाहिजेच, पण शुगर तपासावी तसं रक्त काढून 'हो, डिप्रेशन आहे' असा रिपोर्ट इथे येत नाही, एमआरआयमधे बायपोलर (मूड कधी फार वर, कधी फार खाली जाण्याचा आजार) दिसत नाही. तुम्ही काय सांगता, घरचे काय सांगतात आणि डॉक्टरांना समोर काय दिसतं यावरूनच निदान होतं. त्यांच्यापर्यंत गोष्ट अर्धी पोचली तर निदानही अर्धंच होणार, मग डॉक्टर कितीही मोठा असो. म्हणून इथे डॉक्टर शोधण्यापेक्षा जायच्या आधीच्या तयारीबद्दल जास्त लिहितेय. मी स्वतः डॉक्टर नाही, घरात पेशंट आहे, बरीच वर्षं फाइल मांडीवर घेऊन ओपीडीच्या बाकावर बसतेय, तिथे जे कळलं ते हे.

त्याआधी एक. आत्ता जीव द्यायचे विचार येत असतील, किंवा घरातलं माणूस तसं बोलत असेल, तर लेख बाजूला ठेवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, २४ तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. काही करून घेतलं असेल किंवा करायच्या बेतात असेल तर सरळ जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. पोलीस केस होईल म्हणून लोक नेत नाहीत, पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नाही, उपचार द्यायचे असं कायदाच सांगतो.

आधी कोण काय करतं ते बघू

सायकियाट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, एमबीबीएस झाल्यावर त्याच विषयात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. निदान करतो, गोळ्या लिहितो, गरज पडली तर ॲडमिट करतो. महाराष्ट्रात प्रॅक्टिस करत असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर प्रिस्क्रिप्शनवर असायला हवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट डॉक्टर नसतात, गोळ्या देत नाहीत, पण टेस्टिंग आणि थेरपी हे त्यांचं काम, बऱ्याच जणांचं एम.फिल. झालेलं असतं आणि नाव रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाच्या रजिस्टरमधे असतं. तो नंबर कौन्सिलच्या साइटवर तपासता येतो, बिनधास्त तपासा, त्यात कुणाचा अपमान नाही. काउन्सेलर, म्हणजे समुपदेशक, या पाटीखाली मात्र सगळंच येतं. मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षं मुरलेल्या बाई पण असतात आणि दोन विकेंडचा ऑनलाइन कोर्स केलेला दादा पण असतो, म्हणून डिग्री काय आणि कुठून हे विचारायचं. लाइफ कोच, हीलर, एनर्जी वगैरे पाट्यांना कुठलंच रजिस्ट्रेशन लागत नाही. न्यूरोलॉजिस्ट हा मेंदूचा आणि नसांचा डॉक्टर, फिट येणं, लकवा, कंपवात यासाठी. बरेच जण 'वेड्याच्या डॉक्टरकडे नको' म्हणून आधी तिकडे जातात आणि वर्षभराने इकडे येतात.

मग पहिल्यांदा कुणाकडे जायचं? झोप-जेवण पार बिघडलंय, कामावर जाणं बंद झालंय, कानात आवाज येतात, सगळे माझ्यावर टपलेत असं वाटतं, किंवा झोप नाही तरी अंगात नुसता उत्साह आहे, यातलं काही असेल तर आधी सायकियाट्रिस्ट. नवऱ्याशी पटत नाही, नोकरीचा ताण, कुणी गेल्याचं दुःख, ब्रेकअप अशा वेळी आधी सायकॉलॉजिस्ट किंवा चांगल्या काउन्सेलरकडे गेलात तरी चालतं, गोळ्यांची गरज दिसली तर ते स्वतःच पाठवतात. ज्या काउन्सेलरने आयुष्यात एकही पेशंट सायकियाट्रिस्टकडे पाठवलेला नाही असं तो अभिमानाने सांगतो, त्याच्यापासून मी तरी लांब राहीन.

शरीराची तपासणी, पण एकदाच

आपल्याकडे मनाचं दुखणं अंगातूनच बोलतं. छातीत धडधड, डोकं जड, हातापायाला मुंग्या, पोटात गॅसचा गोळा. मग ईसीजी, टूडी एको, एंडोस्कोपी, सगळं नॉर्मल, आणि डॉक्टर म्हणतात 'तुम्हाला काही झालेलं नाही'. या वाक्याने लोकांचं फार नुकसान झालंय, कारण त्रास तर खरा असतो, मग माणूस दुसरा कार्डिओलॉजिस्ट गाठतो. पॅनिक ॲटॅक काही मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरत जातो, पण त्या काही मिनिटांत मरतोय असंच वाटतं. हृदय एकदा नीट तपासून घेणं बरोबरच आहे, रिपोर्ट नॉर्मल असताना तीच तपासणी पुन्हा पुन्हा करत बसण्याने काही निघत नाही.

थायरॉइड, हिमोग्लोबिन, शुगर, बी-१२ आणि डी व्हिटॅमिन, हे रिपोर्ट अलीकडचे नसतील तर फॅमिली डॉक्टरला विचारून करून घ्या. थायरॉइड कमी असला तर माणूस हुबेहूब डिप्रेशनमधे असल्यासारखा सुस्त होतो, जास्त असला तर घाबराघुबरा होतो. शुद्ध शाकाहारी घरात बी-१२ कमी सापडणं तर अगदी नेहमीचं. चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावं लिहून घ्या, आयुर्वेदिक काढे आणि जिमची पावडर धरून, स्टेरॉइडने मूड बदलतो, मुरुमांच्या काही गोळ्यांबद्दलही तशी ताकीद असते. रात्री मोठमोठ्याने घोरत असाल आणि झोपून उठल्यावरही थकवा असेल तर तेही सांगा. आणि दारू किती, गांजा किती, हे खरं सांगा. डॉक्टर तुमच्या सासऱ्यांना फोन करून सांगणार नाहीयेत.

एक पानाची हिस्ट्री, सगळ्यात महत्त्वाचं काम

पहिल्या भेटीत माणूस रडतो, विसरतो, किंवा कालच्या भांडणावरच वेळ घालवतो. म्हणून घरी शांतपणे बसून एका फुलस्केपवर तारखेवार लिहा. साहित्य लिहायचं नाहीये. 'बारावीच्या सुट्टीत दोन महिने कुणाशी बोललो नाही, झोप दिवसा, परीक्षेला बसलो नाही, मग आपोआप बरं वाटलं', असं. पुढच्या ओळीत पुढची घटना. कधी सुरू झालं, किती दिवस टिकलं, झोप-भूक-काम याचं काय झालं, कुठली गोळी घेतली आणि तिने काय झालं.

तारखा का? कारण निदानाचे नियमच कालावधीवर उभे आहेत. डिप्रेशन म्हणायला लक्षणं कमीत कमी दोन आठवडे, दिवसाचा बराचसा वेळ असावी लागतात. जनरलाइज्ड अँग्झायटी म्हणायला डॉक्टर साधारण सहा महिने काळजी चालू आहे का ते बघतात. एडीएचडीची (लक्ष न टिकणं, सतत चुळबूळ) लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाच्या आधीपासून असायला हवीत, म्हणून तिसाव्या वर्षी रील बघून 'मला पण आहे' वाटलं तर डॉक्टर शाळेची प्रगतिपुस्तकं मागतील, आईला विचारतील, आणि ते बरोबरच आहे. बाईंचे लाल शेरे असलेली ती पुस्तकं कपाटात असतील तर काढून ठेवा.

आता जी गोष्ट सगळ्यात जास्त सुटते ती. लोक फक्त वाईट दिवस सांगतात. ओपीडीत ओळख झालेल्या एका काकूंच्या मुलाला बरीच वर्षं डिप्रेशनच्याच गोळ्या चालू होत्या, गुण यायचा आणि जायचा. एकदा नवीन डॉक्टरांनी विचारलं, मधे कधी एकदम फॉर्मात होता का? तेव्हा काकू हसून म्हणाल्या, हो की, चुलतभावाच्या लग्नात काय उत्साह त्याचा, आठवडाभर रात्री दोन-तीन तासच झोपायचा, वरातीची सगळी जबाबदारी घेतली, बुलेट बुक केली, मित्रांना पैसे वाटले, एक धंदा पण काढणार होता. घरच्यांसाठी तो पोरगा बरा झालेला आठवडा होता, पण डॉक्टरांसाठी ती मॅनियाची, म्हणजे मूड आजारासारखा वर चढल्याची, खूण होती. निदान बायपोलर निघालं आणि औषध बदललं. बायपोलर माणूस डॉक्टरकडे येतो तो जवळजवळ नेहमी खालच्या टप्प्यात, वरच्या टप्प्यात त्याला आजारी वाटतच नाही, आणि नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर काही जण उलट वर उडतात. वरचा टप्पा चार दिवसांचा आणि सौम्य असला तरी निदान बदलतं, तीव्र असून आठवडाभर टिकला किंवा ॲडमिट करावं लागलं तर मॅनिया. तर लिहिताना स्वतःला विचारा, कमी झोपूनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसे उधळले, नको तिथे भांडणं, असे दिवस कधी होते का. आणि हे स्वतःपेक्षा बायकोला, नवऱ्याला, रूममेटला विचारा, त्यांना जास्त आठवतं.

दुसरी सुटणारी गोष्ट म्हणजे घराण्यातले आजार. आपल्या घरांत हे कुजबुजत सांगतात किंवा सांगतच नाहीत. आत्या विहिरीत 'पाय घसरून' पडली. काका एक दिवस न सांगता निघून गेले ते परत आलेच नाहीत. आजी बाळंतपणानंतर 'बाहेरचं लागल्यामुळे' सहा महिने माहेरी होती. आजोबा पीत होते एवढंच माहिती असतं, का पीत होते ते नाही. एखाद्या म्हाताऱ्या मावशीजवळ बसून, चहा पीत, हे काढून घ्या, कारण बायपोलर, स्किझोफ्रेनिया (भास आणि खोटे संशय येण्याचा आजार), डिप्रेशन यांचा कल कुटुंबात असतो आणि एखाद्या सख्ख्या नातेवाइकाला कुठल्या गोळीने गुण आला हेही डॉक्टरांच्या उपयोगाचं असतं.

तिसरं लाजेचं खातं. देवघरात बसलं की देवाबद्दल घाणेरडे विचार येतात, तान्ह्या बाळाला आपणच काही करू अशी भीती वाटते, सुरी हातात घेववत नाही. असे नको असलेले विचार, जे आले की माणूस स्वतःच हादरतो, ओसीडीत, म्हणजे नको ते विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होण्याच्या आजारात, अगदी ओळखीचे असतात. ओसीडी म्हणजे नुसतं हात धुणं नाही. पण हे कुणी सांगत नाही, वरवर 'टेन्शन येतं' म्हणतात, आणि निदान अँग्झायटीवरच थांबतं. तोंडाने सांगायला जमत नसेल तर कागदावर लिहून कागद पुढे सरकवा.

'मला डिप्रेशन आहे' असं म्हणून सुरुवात करू नका, काय होतंय ते सांगा, 'पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही, आंघोळ पण डोंगर वाटते'. नेटवरच्या टेस्ट केल्या असतील तर स्कोअर जरूर सांगा, पीएचक्यू-९ या डिप्रेशनच्या प्रश्नावलीत २७ पैकी १० किंवा जास्त आले तर नीट तपासून घ्यावं असा संकेत आहे, पण ती चाळणी आहे, निदान नाही.

बरोबर कोण जाणार

जो तुमच्याबरोबर राहतो आणि तुम्ही ज्याच्यासमोर गप्प होत नाही असा. सुनेला घेऊन सासू आणि नवरा येतात, तिच्याऐवजी तेच बोलतात, ती मान खाली घालून बसते, हे दृश्य मी इतक्यांदा बघितलंय की आता नवल वाटत नाही. पेशंटने सरळ म्हणावं, डॉक्टर मला दहा मिनिटं एकटीला बोलायचंय. चांगले डॉक्टर स्वतःच घरच्यांना बाहेर बसवतात आणि नंतर घरच्यांशी वेगळं बोलतात. माहिती गुप्त ठेवायचा हक्क त्याच २०१७ च्या कायद्यात आहे, पेशंटच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका अशा काही ठरलेल्या वेळा सोडल्या तर.

भेटीच्या दिवशी

खाजगीत पहिली भेट अर्धा ते एक तास मिळू शकते. सरकारी ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांना मान वर करायला वेळ नसतो, तिथे तुमचा तो एक पानाचा कागद खरा कामाला येतो. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था, सगळीकडे बाह्यरुग्ण विभाग आहे, आणि जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग असतो. 'येरवड्याला गेलो तर लोक काय म्हणतील' या भीतीने कितीतरी जण जात नाहीत, पण ओपीडीत जाणारा माणूस गोळ्या घेऊन दुपारी घरी जेवायला येतो, एवढंच असतं ते.

निघायच्या आधी हे विचारा. तुम्हाला काय वाटतंय, नाव काय? दुसरं काय असू शकतं? काय दिसलं तर तुमचं मत बदलेल? ही गोळी किती दिवसांनी काम करेल, पहिल्या आठवड्यात काय त्रास होईल, कुठला त्रास झाला तर फोन करायचा? निदान कागदावर लिहून घ्या, एफ-३२, एफ-४१ असे कोड दिसतील, ते जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतले असतात. पहिल्या भेटीतलं निदान बहुतेक वेळा तात्पुरतं असतं, तसं डॉक्टरांनी म्हटलं तर घाबरू नका, मला तर असं म्हणणाऱ्या डॉक्टरांबद्दल जास्त विश्वास वाटतो. पाच मिनिटांत ठाम निदान आणि पाच गोळ्या हे मात्र जरा जपून.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. डिप्रेशनच्या गोळ्यांना गुण दाखवायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण अंदाज यायला सहाएक, पण मळमळ आणि बेचैनी पहिल्याच आठवड्यात येते, म्हणून लोक नेमक्या तेव्हाच सोडतात. मनाने एकदम बंद करू नका. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या लगेच बरं वाटवतात आणि सवय लावतात, त्या किती दिवसांसाठी आहेत हे विचारूनच घ्या आणि जुनी चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून परस्पर आणू नका. लिथियम (बायपोलरचं औषध) चालू झालं तर रक्तातली पातळी, किडनी आणि थायरॉइड ठरावीक काळाने तपासावे लागतात. मूल हवंय असा विचार असेल तर व्हॅल्प्रोएटसारख्या मूड स्थिर ठेवणाऱ्या गोळ्यांबद्दल आधीच बोला, दिवस गेल्यावर नाही.

देवऋषी, दर्गा, अंगारा यावरून घरात वाद होतोच. माझं मत, आईला नवस करू दे, तिचंही मन लागतं, फक्त गोळी चुकवायची नाही आणि कुणी बांधून ठेवायला, मारायला, उपाशी ठेवायला सांगितलं तर तिथून उठायचं. भूत उतरवायच्या नावाखाली हे करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

दुसरं मत कधी घ्यायचं

पुरेसा डोस पुरेसे आठवडे घेऊनही काही फरक नाही, दर भेटीत निदान बदलतंय पण का ते कुणी सांगत नाही, किंवा तुमच्या लिस्टमधली मोठी गोष्ट डॉक्टरांनी ऐकूनच घेतली नाही, तर घ्या. २०१७ च्या त्याच मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २५ प्रमाणे स्वतःचे कागद मागायचा तुम्हाला हक्क आहे. नव्या डॉक्टरांकडे जुनं निदान लपवू नका, पण गोष्ट पहिल्यापासून सांगा, 'मी बायपोलर आहे' असं लेबल पुढे करून नाही. दर महिन्याला नवा डॉक्टर हा प्रकार मात्र वाईट, कुणालाच तुमचा वरचा-खालचा टप्पा सलग बघायला मिळत नाही.

आता थेरपिस्ट

निदान हातात असलं की शोधणं सोपं होतं. ओसीडी असेल तर ईआरपी करता का हे विचारायचं, म्हणजे भीतीला हळूहळू सामोरं जायचं आणि हात धुवायचं किंवा पुन्हा पुन्हा तपासायचं टाळायचं, नुसत्या गप्पांनी ओसीडी हलत नाही. डिप्रेशन, अँग्झायटी, पॅनिकला सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी. आपल्याकडे तिच्याच जातीची आरईबीटी शिकलेलेही बरेच सापडतात. स्वतःला इजा करणं, भावना एका क्षणात टोकाला जाणं असेल तर डीबीटी, म्हणजे भावना सांभाळायला शिकवणारी थेरपी, येणारा शोधा. जुना आघात असेल तर त्यात काम केलेला.

फोनवरच विचारा, डिग्री काय, अशा किती केसेस बघता, सेशन किती मिनिटांचं, फी किती, रद्द केलं तर पैसे लागतात का, आणि मराठीत सेशन होईल का. पुण्या-मुंबईत इंग्रजीतून थेरपी देणारे खूप आहेत, पण वडिलांवरचा राग इंग्रजीत सांगताना तो सभ्य होऊन बाहेर येतो. तिसऱ्या-चौथ्या सेशनपर्यंत आपण कशावर काम करतोय हे तुम्हाला सांगता यायला हवं. दर वेळी बरं वाटेलच असं नाही, कधी जड होऊन बाहेर पडाल. पण ऐकून घेतलं जातंय असंच वाटत नसेल तर तिथेच बोला आणि तरी जमत नसेल तर बदला, थेरपिस्टला याचं वाईट वाटत नाही, वाटलं तर तो त्याचा प्रश्न.

उठून यायच्या जागा पण सांगते. शंभर टक्के बरं करण्याची गॅरंटी. गोळ्या बंद करा असं परस्पर सांगणं. तुमचं बोलणं नवऱ्याला कळवणं. लग्न करा सगळं ठीक होईल. क्लिनिकबाहेर मैत्री, पैसे उधार, अंगचटीला येणं. आणि गे किंवा लेस्बियन असणं 'बरं' करून देतो म्हणणारा, डॉक्टर असेल तर ते गैरवर्तन आहे असं नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मधेच सांगितलंय.

पैशाचं. खाजगी सेशन मोठ्या शहरात हजाराच्या आसपास सुरू होऊन दोन-तीन हजारांपर्यंत जातं आणि दर आठवड्याचं असतं, म्हणून आधीच हिशोब करा, पंधरा दिवसांनी एक चालेल का विचारा. बरेच जण परिस्थिती बघून फी कमी करतात पण ते पाटीवर लिहिलेलं नसतं, विचारावं लागतं. ठाण्याच्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) सारख्या संस्था आहेत, विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागातही कधी समुपदेशन केंद्र असतं, तिथे शिकणारे विद्यार्थी गाईडच्या देखरेखीखाली बघतात, साध्या तक्रारींना चांगले असतात. मेडिक्लेमने मानसिक आजारही इतर आजारांसारखाच धरायचा असं २०१७ च्या कायद्यात आहे, पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात, ओपीडी आणि थेरपी खिशातूनच. ऑनलाइन भेटी फॉलोअपला उत्तम, फक्त एडीएचडीच्या मिथाइलफेनिडेटसारखी काही औषधं ऑनलाइन लिहून देता येत नाहीत, त्यासाठी समोर जावंच लागतं.

सगळ्या कागदांची एक फाइल करा, नवीन कागद वर. गावाकडून पुण्याला शिकायला किंवा नोकरीला जायचं असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांकडून एक पानी समरी मागून घ्या, निदान, चालू डोस, आधी काय काय देऊन झालं आणि का बंद केलं. आणि गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचे फोटो मोबाइलमधे ठेवा, पाठच्या बाजूचे, जिथे घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, कारण 'ती छोटी पांढरी गोळी' यावरून कुठल्याच डॉक्टरला काही कळत नाही.